कादंबरीतली बिननावाची बाई

लिहायला बसलेल्या माणसाचं लिखाण वाढत नाही, किस्से वाढतात. आमची दांडिया बाजारातली लिहिणाऱ्यांची गुरुवारची बैठक त्याचा पुरावा. मी रिफायनरीतला फिटर, सातवी पास. कुलकर्णी मास्तर शाळेतले. नाना रेल्वेतले.

नाना जन्मातली एकच कादंबरी लिहितायत. डोळे चाललेत त्यांचे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, काय लिहायचं ते लवकर लिहा. म्हणून माझा जीव वरखाली. आणि हा माणूस बसतो मोबाइलमध्ये शोधत. नायिकेला अजून नाव नाही, नुसती ‘ती’.

*

एकदा ‘उंबरठ्या’ला दुसरा शब्द हवा म्हणून ऑनलाइन शब्दकोश उघडला. एका शब्दातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. दिवेलागण झाली.

मी म्हटलं, “नाना, ती बाई दुपारपासून दाराबाहेर उभी आहे. आत घ्या तिला.”

*

मग नकाशा. नायिकेला गावातल्या समा भागातून गोत्री भागात न्यायचं होतं. मोबाइलनं तिला उड्डाणपुलावर चढवलं. गोष्ट जुनी, तेव्हा तिथं नुसती शेतं.

“अहो, तुम्ही सायकलवर रोज त्याच रस्त्यानं जायचात ना? त्याला काय विचारताय?”

“माझा माझ्यावर भरवसा नाही राहिला,” नाना म्हणाले.

*

मास्तर त्याहून वरचे. लीलो चेवडो, म्हणजे इथला गुजराती ओला चिवडा, मराठी माणसानंच काढला, असा त्यांचा हट्ट. आम्ही हसलो. पुढच्या गुरुवारी मोबाइल नाचवत आले. कुणीही लिहू शकतं तो फुकटचा ज्ञानकोश.

“वाचा. स्वच्छ लिहिलंय.”

“कुणी लिहिलं?”

“मीच. पण आता तिथं आहे ना?”

*

शेवटी नानांनी बाळांच्या नावांची साइट धरली. महिनाभर मुलींची नावं चाळली. मोबाइल त्यांना पाळणे नि डायपर दाखवायला लागला. एका सकाळी मला फोन, “नाव सापडलं. गुरुवारी वाचतो.”

त्याच दिवशी सुनेनं त्यांचा मोबाइल चार्जिंगला लावायला उचलला. पाळणे बघितले, नावं बघितली आणि तो तसाच घेऊन नानांसमोर आली. किती वर्षं दवाखाने चालू होते तिचे.

“बाबा, तुम्हाला कुणी सांगितलं? आम्ही अजून कुणालाच बोललो नाही.”

गुरुवारी नानांनी वाचलं. वही डोळ्यांना चिकटवून, अडखळत. नायिका पुन्हा ‘ती’च.

मी तडकलो. “नाव कुठं गेलं?”

“ते घरी लागणार आहे.”

मास्तर म्हणाले, “आणि मुलगा झाला तर?”

नानांनी चष्मा पुसला. “तर कादंबरी पुरी होईल.”