हलक्या दिवसाच्या गप्पा

“काकू, हलक्या दिवशी सगळेच एवढे खूश कसे?” कावेरी मॅडमनी कागद माझ्यापुढे ठेवले. त्यांचा प्रबंध द्यायला दोनच महिने उरले होते. चेहरा पार उतरलेला.

परळच्या एका हॉस्पिटलात मी ट्रेडमिल चालवायचे. लागले होते रिसेप्शनवर, बाकी बघून बघून शिकले. हळू चाललं की मन कसं होतं आणि दमेपर्यंत धावलं की कसं, हे मॅडमना बघायचं होतं. म्हणून एकाच माणसाला एक दिवस हळू चालवायचं, तो हलका दिवस; एक दिवस पळवायचं. मग मूडचा फॉर्म, आणि एमआरआयमध्ये निवांत पडणं. मेंदूचे कुठले भाग एकमेकांच्या तालात चालतात, ते त्यात दिसतं.

“टॉक टेस्ट कशी घेता तुम्ही?”

टॉक टेस्ट म्हणजे काय, तर चालताना नीट बोलता आलं की वेग हलका. धाप लागून वाक्य तुटलं की जास्त.

“बोलते की त्यांच्याशी.”

“किती?”

“अहो, वीस मिनिटं! सुनेपासून सुरमईपर्यंत.”

मॅडमनी कपाळाला हात लावला. “आणि धावतात तेव्हा?”

“तेव्हा कोण बोलणार?”

बोलले आणि माझंच मला कळलं. खुशी चालण्याची की माझ्या गप्पांची, कसं ओळखायचं? सगळ्यांचे हलके दिवस परत घेणं आलं.

पहिल्या आल्या लालबागच्या सुलभाताई. नाव-पत्ता म्हणवून घेतला, तेवढीच टॉक टेस्ट. मग मी गप्प.

“काय गो, रुसलंस माझ्यार?”

मी ओठांवर बोट ठेवलं.

पट्टा गुणगुणत राहिला. पडद्यातून दुपारचं पिवळं ऊन जमिनीवर सांडलं होतं. बाहेर कबुतरं घुमत होती. इतक्या वर्षांत ती मला कधी ऐकूच आली नव्हती. ताईंचे खांदे सैल झाले. नजर भिंतीवर, पण भिंत काही त्यांना दिसत नसावी. बघता बघता माझ्याही डोळ्यांपुढे काहीतरी हिरवं तरळायला लागलं.

पट्टा थांबला तशा त्या दचकल्या.

“गावाक जावन इलंय गो,” म्हणाल्या. वीस मिनिटं आईच्या मागे पायवाटेनं चालत होत्या म्हणे. फॉर्म भरला आणि हसत स्कॅनला गेल्या.

प्रबंध सहा महिने लांबला. गप्पांशिवायही हलक्या दिवशी मन वर गेलं, पण आधीइतकं नाही. मेंदूतल्या जोडण्यांचं विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, “इतक्या कमी माणसांवरून ठाम काही बोलायचं नसतं, काकू.” माझ्या गप्पांच्या दिवसांचे आकडे मात्र त्यांनी वेगळ्या रकान्यात छापले. वर मथळा, ‘तंत्रज्ञाशी संभाषण’.

मशीन मी रोज सकाळी तपासायचे. तोंड तपासायचं राहून गेलं होतं.