चतुरांचे दगड

शेळगावच्या तुळसाबाईंना भांडायला माणूस लागत नसे. बावड्याहून लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या चुलीशी, शेळीशी, विहिरीवरच्या मोटारीशीही भांडत आल्या. मुलगा बुद्धघोष लोणी देवकरला कारखान्यात लागल्यावर दुपारची भाकरी त्या एकट्याच ओढ्याकाठी खात. तिथे उथळ पाणी दगडांवरून खळखळत जाई आणि दगडांवर जाळीदार पंखांचे चतुर बसत. एकाच्या दगडावर दुसरा आला की लगेच पाठलाग.

"भावकीच हाय बघा," त्या म्हणत. त्या जागी त्यांचे मन रमे.

यंदा त्यांच्या नवऱ्याने, साहेबरावांनी, टोमॅटोच्या वाफ्यांवर तण येऊ नये म्हणून चंदेरी मल्चिंग पेपर, म्हणजे प्लास्टिकचा कागद, अंथरला. त्याच्या कडा मातीत दाबायच्या असतात. साहेबरावांना खोऱ्याचा कंटाळा. त्यांनी ओढ्यातले दगड उचलून आणले आणि कागदाच्या कडेला मांडले.

दुसऱ्या दिवशी ओढा सुना, आणि चतुर वावरात, त्याच दगडांवर! माद्या चमकत्या कागदाला पाणी समजून शेपट्या टेकवत अंडी घालत होत्या.

"अगं बयांनो, पाणी न्हाय ते! वाळून जातील पोरं!" तुळसाबाईंनी पदराने हाकलल्या. माद्या उठल्या आणि फिरून तिथेच आल्या.

"अवो, दगड परत टाका."

"किड्यांसाठी? कागद उडंल की."

"माती लावा. लोकं लावत्यात."

"माझी कंबर..."

"दगड उचलताना कुठं गेलती ती कंबर?"

साहेबरावांनी चहा मागितला. तुळसाबाईंनी चुंबळ डोक्यावर ठेवली आणि त्या पाटीत दगड भरायला लागल्या. वाऱ्याने कागद फडफडत उठला.

"तुळसा, थांब! कागद सोलापूरला चालला!"

"जाऊ द्या. तिकडं तरी माती मिळंल त्याला."

साहेबराव खोरे घेऊन धावले.

संध्याकाळपर्यंत दगड ओढ्यात गेले. सकाळी दोन-तीन नर येऊन बसलेही. माद्या मात्र पुन्हा कागदावरच! तुळसाबाईंनी कपाळाला हात लावला. मग ओढ्यातला चिखल आणून त्या ओढ्याकडच्या कागदावर फासू लागल्या.

"आता वरनं पण माती?"

"चमक मोडती. डोळं एवढालं, पण अक्कल न्हाय. तुमच्यासारखंच."

पुढची पाटी मात्र साहेबरावांनी स्वतः आणली.

उन्हं चढल्यावर एक मादी चिखलावरून घिरटी घालून गेली, ओढ्यावर उतरली आणि वाहत्या पाण्याला शेपटी टेकवू लागली.

तुळसाबाईंनी भाकरीचे फडके सोडले.

"एवढं सांगावं लागतं व्हय गं?" त्या तिच्यावर खेकसल्या.