पेणच्या मैदानाला ऊन हवंय

नंदाचा फोन आला तेव्हा मी आमच्या प्रभागातल्या मैदानासाठी सूचना लिहीत बसले होते. मैदानाचं सुशोभीकरण होणार, नागरिकांनी मतं कळवावीत, असा मेसेज फिरत होता आणि मत द्यायला मला आग्रह लागत नाही. नंदा माझी मावसबहीण, पेणला दिलेली. घरी पापडांचा धंदा करते. म्हणाली, "आमच्या मैदानाची पण बाग होतेय. नकाशा लागलाय. तुला बागेतलं कळतं म्हणून मिरवतेस ना? मग ये बघायला." बोलणं चेष्टेचं होतं, पण आवाज तिचा नेहमीचा नव्हता. मी पिशवी भरली.

पनवेलहून रोह्याची मेमू पकडा. तिकीट अगदी स्वस्त, पण गाड्या मोजक्याच, तेव्हा वेळ आधी बघून ठेवा. चुकली तर एसटी आहेच, फक्त मग रस्त्याला नावं ठेवत जायची तयारी हवी. जिते मागे पडलं की खिडकी सोडू नका. हमरापूरला घरांपुढे बिनरंगाचे गणपती ओळीनं वाळत बसलेले दिसले. शेजारच्या बाई म्हणाल्या, "आधी ऊन, मग रंग. ओल्यावर रंग धरत नाय." मी कौतुकानं मान डोलावली आणि फोटो काढला.

नंदाच्या आळीमागचं मैदान गावाच्या अगदी मधोमध आहे. बाजार दोन पावलांवर. चैत्रातलं ऊन चांगलंच तापलेलं. जुन्या साड्या अंथरून त्यावर पोह्याचे पापड, मिरगुंडं, फेण्या पसरलेल्या, आणि एका कडेला डोक्यावर पदर घेऊन, हातात काठी धरून नंदाच्या सासूबाई कावळे हाकत बसलेल्या. त्यांना सगळी आळी माई म्हणते. मला बघताच म्हणाल्या, "आलीस गो? आधी लाट्या खा." पापडाच्या कच्च्या पिठाची लाटी, वर तेलाची धार. पेणला जाऊन ही खाल्ली नाहीत तर तुमचं पेण झालं नाही.

मग नंदानं मोबाइलवर नकाशा दाखवला. मैदानभर झाडं, झाडांखाली बाकं, मधून वळणाची पायवाट. मी म्हटलं, "किती सुंदर!"

"सुंदर हाय," नंदा म्हणाली. "पापड कुठं घालू?"

तिचं घर पत्र्याचं, गच्ची नाही. आळीतल्या पाचसहा घरांची चूल याच मैदानाच्या उन्हावर चालते. सावलीत पापड दमट राहतो, मग बुरशी धरते.

"पण एवढी सावली मागितली कुणी?"

"आम्हीच," नंदा कपाळावर हात मारून म्हणाली. "नगरपालिकेच्या साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं, बागेत काय हवं? जो उठला तो सावली म्हणाला. मी पण म्हणाले. बाग म्हटल्यावर दुसरं काय मागतात?"

जन्मभर उन्हावर पोट भरणाऱ्या बायकांनी एकमतानं सावली मागितली होती. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

माईंनी मात्र काठी आपटली. "मी चुकून नाय मागितली. लग्न होऊन आले तशी या उन्हात बसलेय. आता तरी सावलीला बसू दे गो."

रात्री वालाचं बिरडं फर्मास होतं, पण सासू-सुना एकमेकींशी फक्त "वाढ" आणि "पुरे" एवढंच बोलल्या. दोघींचं खरं होतं आणि मैदान एकच होतं.

दुसऱ्या दिवशी मी नंदाला रोह्याला ओढून नेलं. कुंडलिकेचा काठ फिरायला छान आहे असं ऐकलं होतं आणि म्हटलं, बघून तरी येऊ. निडी गेलं की रोहा आलंच. स्टेशनवरून रिक्षा करा, भाव आधी ठरवा. बाजारात मिसळ खाऊन आम्ही नदीवर गेलो तेव्हा उन्हं कलली होती. एक गृहस्थ बाकावर बसले होते. नंदानं त्यांना विचारलं, "काका, इथं सकाळी ऊन येतं काय?"

"व्हय, भरपूर. पण बागेत माणसं सावली विचारतात, तुम्ही ऊन विचारता?" ते हसले. "कंपनीत होतो तेव्हा नाइट शिफ्ट करून सकाळी इथंच बसायचो. समोर लख्ख ऊन, मी या झाडामागं. आता संध्याकाळी सावली बघा, पार त्या बाजूला गेली."

नंदा त्या लांबलेल्या सावलीकडे बघत राहिली. परतीच्या गाडीत आम्ही दोघी तिकिटाच्या पाठीवर मैदान काढून भांडत होतो. झाडं सगळी पश्चिमेच्या कडेला लावली, तर सकाळी मैदान मोकळं तापेल आणि झाडांमागच्या बाकावर सावली पडेल. दुपारनंतर पापड उचलले की सावली मैदानात, पोरांना खेळायला. सुचलं कुणाला आधी, यावर अजून एकमत नाही.

नकाशाबद्दलची पुढची मीटिंग शाळेच्या वर्गात होती. नंदानं उभं राहून तिकिटाच्या पाठीवरचं मैदान दाखवलं. साहेब नीट ऐकून म्हणाले, "पण ताई, सावली तुम्हीच मागितली होती ना?"

वर्ग हसला. नंदा लाल झाली. "व्हय. चुकलं आमचं."

तेवढ्यात माई उठल्या. घरी कुणी त्यांना या नव्या बेताचं काही सांगायला धजलं नव्हतं. माई म्हणाल्या, "तिचं खरं हाय. मधे ऊन ठेवा. मला कडेचा बाक चालंल."

साहेबांनी बघू म्हटलं. एवढ्यावरच मी गाडी पकडली.

घरी येऊन माझ्या सूचना वाचल्या. झाडं, बाकं, सावली. मैदान कोण कशाला वापरतं, याचा एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी छत्री घेऊन तिथं गेले. एक गादीवाला कापूस पसरून बसला होता, पलीकडे मंडपवाले भिजलेल्या कनाती वाळवत होते. इतकी वर्षं मी फक्त संध्याकाळीच तिथं फिरत होते. सूचना सगळ्या नव्यानं लिहिल्या.

महिन्याभरानं माईंचा फोन आला. नकाशा बदलला होता. मधलं मैदान मोकळं, झाडं कडेला. मी आनंदानं ओरडले, "माई, आता तुम्ही आरामात सावलीत बसा!"

"मी कुठली बसतेय गो," माई म्हणाल्या. "रोपं गुडघ्याएवढी आणणार म्हणे. ती सावली नंदाची. तिचे हात थकतील तवर झाडं मोठी होतील."