वाचणाऱ्याची सही

कारखान्यात सगळे त्यांना खबरदारबाई म्हणत. नाव कुणा टवाळाने ठेवलं होतं, पण बाईंनी ते कौतुकाने मिरवलं. तुंबलेली मोरी मोकळी करणारं जळजळीत द्रावण इथून नऊ देशांत जाई, आणि डब्यावरची धोक्याची सूचना त्या त्या भाषेत बिनचूक छापून घेणं हे त्यांचं काम. स्वतःला येत होत्या तीनच भाषा. म्हणून त्यांचा एक हट्ट होता. भाषांतरकाराने कितीही शपथा घेतल्या तरी, ती भाषा घरात बोलणारा कारखान्यातला माणूस लेबल वाचून "म्हणजे मी असं असं करायचं" असं सांगेपर्यंत ते पास व्हायचं नाही. त्यासाठी त्या झाडूवालीला बोलावत, आचाऱ्याला बोलावत. साहेब लोक हसत. हसोत बापडे.

निवृत्तीला आठवडा उरला असताना बाईंनी स्वतःच हा नियम मोडला. एका देशासाठी नवं लेबल होतं, ट्रक फाटकाशी उभा, साहेब डोक्यावर बसलेले. बावीस वर्षांत एकदा वाचून नाही घेतलं तर काय आभाळ कोसळणार आहे, असं म्हणून त्यांनी सही ठोकली.

त्या भाषेसाठी दरवेळी बोलावणं जाई फोर्कलिफ्टवाल्याला. या वेळी आलं नाही म्हणून स्वारी रुसली, आणि रुसल्या रुसल्या डबा हातात घेऊन वाचू लागली. मग तो धावतच वर आला.

"बाई, पोटात गेलं तर उलटी करवा, असं लिहिलंय. तुम्हीच म्हणाला होतात ना, वर येताना घसा पुन्हा जाळतं म्हणून?"

चूक बाईंचीच होती. घाईत प्रथमोपचाराचा मजकूर त्यांनीच जुन्या कीडनाशकाच्या फायलीतून उचलून दिला होता.

माल उतरवला. साहेबांनी आदळआपट केली, ती बाईंनी मान खाली घालून ऐकली.

"तू नसतास तर कुणाचा तरी जीव गेला असता रे," त्या त्याला म्हणाल्या. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवले नाहीत.

"माझी बहीण तिकडेच घरकाम करते, बाई. तिच्या हातात हाच डबा असतो. आणि तुम्ही विचारत आलात, म्हणून तर वाचायची सवय लागली."

दोन दिवसांनी दुरुस्त लेबल आलं. त्याने मोठ्याने वाचलं. "उलटी करवायची नाही. तोंड धुवायचं, लगेच दवाखान्यात न्यायचं."

बाईंनी वही उघडली. तपासणाऱ्याच्या रकान्यात बावीस वर्षं फक्त त्यांचीच सही होती. वाचून देणाऱ्या एकाचंही नाव नव्हतं. त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी वही त्याच्यापुढे सरकवली.

"इथे? ही तर तुमची जागा."

"कर तू. मी तुझ्या खाली करते."

त्याने पँटला हात पुसले आणि पेन घेतलं.