चौथी बादली

कप्पेकाकांना सगळे कप्पेकाका म्हणायचे ते उगाच नाही. ते हिशेब सांभाळायचे त्या संस्थेत सरकारी अनुदानाचे तीन प्रकल्प होते, दर मजल्यावर एक: माती, पाणी आणि बियाणं. पेन्सिलीपासून पंख्यापर्यंत प्रत्येक खर्चाला काकांनी कुठल्या ना कुठल्या प्रकल्पाचा कोड चिकटवला होता. कच्ची आकडेमोड करायची तरी कागदाच्या कोपऱ्यात आधी कोड. घरी बायको म्हणायची, "शिंकलात की सांगा हं, कुठल्या प्रकल्पात धरायचं ते."

मग सरकारी पत्र आलं. ज्या पगाराला प्रकल्प नाही, तो पुढच्या महिन्यापासून बंद. संचालकांचं बोट यादीतून घसरत घसरत झाडूवाल्या मावशींवर थांबलं. मावशी तिन्ही मजले झाडायच्या, म्हणजे सरकारी हिशेबाने एकही नाही.

"तिन्ही प्रकल्पांत वाटू की," काका म्हणाले.

"वाटा. पण कशाच्या आधारावर, ते सरकारी तपासनीस बाई येतील त्यांना तुम्हीच सांगा." संचालकांनी हात झटकले. तेवढाच त्यांचा व्यायाम.

काका वही आणि घड्याळ घेऊन मावशींच्या मागे फिरू लागले. दुसऱ्याच दिवशी मावशी वैतागल्या. "काका, पायात येऊ नका. काय हवंय ते सरळ विचारा ना!"

काकांनी विचारलं. मावशींनी त्यांना झाडू ठेवायच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. दारामागे खडूच्या रेघाच रेघा. 'तुम्ही आमच्याकडे येतच नाही' म्हणून साहेबलोक भांडायचे. त्यांची तोंडं बंद करायला मावशी कचऱ्याची बादली रिकामी केली की त्या मजल्याच्या रांगेत एक रेघ ओढायच्या. काकांना त्या दारालाच मिठी मारावीशी वाटली.

तपासनीस बाईंनी चष्मा सावरून दार तपासलं. "कचऱ्यावरून वाटणी. चालेल."

काकांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच बाहेर आला, कारण बाईंचं बोट चौथ्या रांगेवर होतं. "आणि या कुणाच्या?"

"काकांच्या खोलीच्या," मावशी कौतुकाने म्हणाल्या. "सगळ्यांत जास्त कागद त्यांचाच."

"काकांचा प्रकल्प कोणता?"

काकांनी अख्ख्या संस्थेला कप्पे पाडून दिले होते, स्वतःला द्यायचा राहिला होता. निवृत्तीला चार वर्षं, आणि पगार पुढच्या महिन्यापासून बंद! संचालकांना खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसू लागलं.

मावशी तडक गेल्या, काकांची बादली घेऊन आल्या आणि बाईंच्या पुढ्यात उपडी केली. "यांच्या प्रत्येक कागदावर कोपऱ्यात काहीतरी खरडलेलं असतं. बघा तुम्हीच."

काका जमिनीवर बसले आणि स्वतःच्या रद्दीचे तीन ढीग लावू लागले. माती, पाणी, बियाणं. बाईंनी ढीग मोजले आणि मान डोलावली. "हाही आधार चालेल."

शेवटी एकच चोळामोळा केलेला कागद उरला. कोपरा कोरा. बाईंनी तो उलगडून वाचला. संचालकांना लिहिलेला तीन ओळींचा अर्ज होता: मावशींना काढू नये, हवं तर त्यांचा पगार माझ्या पगारातून कापावा.

"हा कुठल्या प्रकल्पातला?" बाईंनी हळूच विचारलं.

"तो... तो धरू नका."

"काय लिहिलंय हो त्यात?" मावशींनी मान उंचावून पाहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

"रद्दी आहे," काका म्हणाले आणि कागदाची नीट घडी घालून त्यांनी तो खिशात ठेवला.