आंबलेला चोथा आणि माझी सर्दी

टेम्पो लागला तेव्हा कालच्या चोथ्याला आंबूस वास सुटला होता. मला तो दहा पावलांवरून आला. ड्रायव्हरने विचारलं, "साहेब, भरू ना?" मी म्हटलं, "भर."

असं का म्हटलं, ते सांगतो.

ऐंशीच्या दशकात मी ठाण्याला कोलशेतकडच्या एका छोट्या ब्रुअरीत केमिस्ट होतो. बियरसाठी जवाचा माल्ट दळून गरम पाण्यात भिजवतात, ते मॅशिंग. गोड पाणी काढून घेतलं की उरतो तो चोथा, आमच्या भाषेत स्पेंट ग्रेन. म्हशी तो आवडीने खातात, पण ताजा असेल तर. मे महिन्यात तो एका दिवसात आंबतो, आणि तसा घातला तर जनावराचं पोट बिघडतं.

आमच्या आवारात त्याचे ढीग साचायचे. तो वाळवायची माझी स्कीम सपशेल फसली होती. मग आमचा सुपरवायझर म्हात्रे, कोलशेत गावातलाच, खडवलीच्या एका तबेलेवाल्याशी बोलला आणि रोजचा टेम्पो सुरू झाला. आवार साफ. तेव्हापासून मॅनेजरसाहेबांच्या तोंडी उठताबसता म्हात्रे. मी एमएस्सी, तो मॅट्रिक. माझा नुसता जळफळाट व्हायचा. माझं म्हणावं असं एकच उरलं होतं, सकाळी अकराचं टेस्टिंग. साहेब आणि मी, दोघंच. वास आणि चव घेऊन बॅच पास करायची. "करंदीकरांचं नाक म्हणजे नाक," असं साहेब पाहुण्यांना सांगत.

त्या आठवड्यात टेम्पो एक दिवस आलाच नाही. दुसऱ्या दिवशी आला, तो म्हात्रे ड्युटीवर यायच्या आधी. मला वाटलं, जाऊ दे. तबेलेवाला बोंबलेल, म्हात्रेचं नाव खराब होईल. म्हशींचा विचार आला होता. मी तो बाजूला सारला.

टेम्पो गेटपर्यंत पोचला आणि समोरून म्हात्रे आला. मूठभर चोथा उचलून त्याने नाकाशी धरला. "उतरवा सगला. घरच्या म्हशीला पन मी ह्यो घालनार नाय." गडबड ऐकून साहेबही बाहेर आले.

"साहेब, तुमी हितंच व्हते ना?" म्हात्रे मला म्हणाला. "तुमाला वास नाय आला?"

त्याला खरंच नवल वाटत होतं. साहेब माझ्याकडे बघत होते.

"सर्दी झालीय," मी म्हटलं. "दोन दिवस झाले."

"दोन दिवस?" साहेब म्हणाले. "मग काल टेस्टिंगला कसे बसलात?"

मी रुमाल काढून नाक पुसलं.

"बरे होईपर्यंत बसू नका. म्हात्रे, अकराला तू ये. कालची बॅच परत बघू."

चोथा कंपाउंडच्या कोपऱ्यात खड्डा खणून पुरला. माझी सर्दी मी तिसऱ्या दिवशी बरी केली, पण टेस्टिंगची खुर्ची काही परत मिळाली नाही. म्हात्रेचं नाक माझ्यापेक्षा चांगलं निघालं, हे लिहितानाही जिवावर येतं.

नाकावर पोट असलेल्याने दुसरं काहीही निमित्त सांगावं, सर्दीचं सांगू नये.