बाहीतली तिसरी कपची

हेलिकॉप्टरच्या हँगरमधले लोक त्यांना भिंगबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे; पण त्या पत्र्याच्या शेडमध्ये पाठीमागचं बोलणं फिरून तोंडासमोर येतंच, त्यामुळे बाईंना ते पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. त्यांनी मनावर घेतलं नाही. गळ्यात दोरीला भिंग अडकवून बावीस वर्षं हिंडणाऱ्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार? चिडायचे ते त्यांचे यजमान. ते टेलर. चौकाच्या कोपऱ्यावर एका खोलीचं दुकान, दोन मशीन, एक कापायचं टेबल, मागे पडद्याआड चहापुरती शेगडी. सगळा चौक त्यांना मास्तर म्हणायचा.

"तुम्हाला मास्तर म्हटलेलं चालतं, आणि मला भिंगबाई म्हटलं की तुमच्या कपाळावर आठ्या," बाई म्हणायच्या. मग मास्तर मशीनमध्ये दोरा ओवायला घ्यायचे आणि दोरा मुद्दाम चार वेळा चुकवायचे.

आता बाईंचं काम काय, तर सांगायला अगदी सोपं. हेलिकॉप्टरच्या डोक्यावरचं पातं फिरतं ते गिअरबॉक्सच्या जिवावर. इंजिनं दोन असतात. एक बसलं तर दुसरं वेळ मारून नेतं. गिअरबॉक्स एकच. तो रुसला तर त्याची समजूत काढायला वर आभाळात कोणी बसलेलं नसतं. म्हणून नियम असा, की उड्डाणाचे पंचवीस तास भरले की त्याच्या तळाचं बूच काढायचं. बुचाच्या टोकाला चुंबक असतो. आतले दाते, आतली बेअरिंगं झिजायला लागली की लोखंडाचे कण तेलातून वाहत येतात आणि त्याला चिकटतात. काळपट लगदा दिसला तर हरकत नाही, ती रोजची झीज. पण कपची दिसली, म्हणजे नखावर उचलता येईल असा तुकडा, तर ती मोजायची आणि नोंदवहीत चिकटपट्टीखाली लावून ठेवायची. दोनपर्यंत असल्या तर बूच पुसून परत बसवा आणि दहा तासांनी पुन्हा काढा. तीन झाल्या की मशीन, म्हणजे हेलिकॉप्टर, जागचं हलत नाही. गिअरबॉक्स उतरवायचा, वर्कशॉपला पाठवायचा. यात "आजच्या दिवस" आणि "एवढ्यापुरतं" हे शब्द बसत नाहीत. नियम कडक, आणि बाई नियमाहून चार अंगुळं कडक.

वैमानिक त्यांच्यापुढे हात टेकायचे. त्यातला एक कॅप्टन, उंच, हसरा आणि कायम घाईत, एकदा तब्बल पाऊण तास ताटकळला तेव्हा म्हणाला, "बाई, बूच तपासताय की त्याच्यासाठी स्थळ बघताय?"

"तुम्ही वरपक्षाकडचे ना? मग बसून राहा," बाई म्हणाल्या, आणि बूच पुन्हा उजेडात धरलं. कॅप्टन बसून राहिला. काय करतो बिचारा.

हे सगळं मास्तर रोज ऐकायचे, कारण बाई कामावरून सुटल्या की सरळ दुकानात यायच्या. मास्तरांना गिअरबॉक्स पाहायला मिळाला नव्हता, पण त्याच्या तब्येतीची खडानखडा माहिती होती. शिवाय बाईंच्या कामात त्यांचा स्वतःचा एक हात होता, असं ते मानायचे. हँगरमधले ओव्हरऑल, म्हणजे ते गळ्यापासून घोट्यापर्यंतचे निळे कपडे, पुरुषांच्याच मापाचे यायचे. बाईंना बाही चार बोटं लांब. पहिला मिळाला तेव्हा मास्तर कापायला निघाले, तर बाईंनी हात धरला. "कापू नका. अजून कायम झालेली नाही मी. नोकरी टिकली नाही तर परत द्यावा लागेल." मग मास्तरांनी बाही आत दुमडून टीप मारली, इतकी सफाईदार की बाहेरून कोणाला कळू नये. नोकरी टिकली, कायम झाली, बाई सगळ्या हँगरच्या गुरू झाल्या, पण दुमडायची सवय काही गेली नाही. बावीस वर्षांत चौदा ओव्हरऑल आले. चौदाही दुमडले.

त्या दिवशी बाई तीनच्या सुमारास आल्या आणि ओव्हरऑल टेबलावर ठेवत म्हणाल्या, "अहो, डावी बाही उसवलीय बघा. आणि तेलही पडलंय." एवढं बोलून त्या पडद्यामागे चहा टाकायला गेल्या.

मास्तरांनी उसवलेली टीप पूर्ण काढली, घडी उलटी केली. काढताना सुईचं टोक तुटलं. मास्तरांच्या दुकानात पडलेलं टोक शोधायची एक पद्धत होती: दोरीला बांधलेला लोहचुंबक कापडावरून फिरवायचा. त्यांनी फिरवला. सुईचं टोक आलं. त्याच्या शेजारी आणखी काहीतरी आलं.

मास्तरांनी ते बोटावर घेतलं. सुई नव्हे. टाचणी नव्हे. हुकाचा तुकडा म्हणावा तर तोही नव्हे. तांदळाच्या कणीच्या निम्म्याएवढं, चपटं, एका कडेला वळलेलं. झटकून टाकायला बोट उचललं होतं त्यांनी, खोटं कशाला सांगा. मग राहवलं नाही.

"अगं, जरा बघतेस का हे?"

बाई पदराला हात पुसत आल्या. भिंग डोळ्याला लावलं. मागे चहा उतू जाऊन शेगडीवर चरचरला तरी त्यांनी मान वळवली नाही.

"हा ओव्हरऑल काल धुतलेला ना?"

"मीच धुतला, मीच इस्त्री केली. घडी उलटून झटकलीसुद्धा."

"आज मी एकच गिअरबॉक्स उघडला," बाई सावकाश म्हणाल्या. "हात वर करून बूच काढलं, तर तेलाचा ओघळ मनगटावरून आत गेला. मनगट पुसलं मी. बाही नाही बघितली. बुचावर दोन मिळाल्या. दोन लिहिल्या आणि सही केली."

मास्तरांना गणित समजावून सांगायची गरज नव्हती. दोन आणि एक तीन. आणि तेच मशीन साडेतीनला डोंगरापलीकडच्या दवाखान्यातून एका रुग्णाला आणायला निघणार होतं, हे बाईंनीच चहा टाकता टाकता पडद्याआडून सांगितलं होतं. भिंतीवर तीन वाजून बारा मिनिटं झाली होती.

पण माणूस माणूस असतो. मास्तरांच्या डोक्यात त्याच क्षणी दुसरंही काही आलं. पुढच्या महिन्यात बाई मुख्य तपासनीस व्हायच्या होत्या. हँगर सुरू झाल्यापासून त्या खुर्चीवर कोणी बाई बसली नव्हती. बावीस वर्षांत लायसनच्या पुस्तकात लाल शाईचा ठिपका नाही, आणि आता शेरा पडणार, तोही असा, की तपासणारीनेच कपची बाहीत घालून घरी नेली. हँगर हसेल. नुसतं हसून थांबलं तरी नशीब.

"नीट बघ गं," ते म्हणाले. "माझ्याच दुकानातलं असेल काहीतरी."

बाईंनी भिंग खाली केलं. "तुमच्या दुकानात असलं काही असतं?"

मास्तरांनी टेबलाकडे पाहिलं, डब्यांकडे पाहिलं. चाळीस वर्षं त्यांनी या खोलीतली प्रत्येक सुई, प्रत्येक हुक बोटांनी ओळखला होता. एक शब्द इकडचा तिकडे केला असता तर बाईंनी कदाचित ऐकलंही असतं, कारण त्यांनाही ते ऐकायचंच होतं.

"नाही," मास्तर म्हणाले. हा शब्द त्यांना फार जड गेला.

बाईंनी फोन उचलला. हँगरच्या साहेबांना म्हणाल्या, "साहेब, मशीन थांबवा. तिसरी कपची मिळालीय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. बाईंचा चेहरा लाल झाला, आवाज मात्र तसाच राहिला. "माझ्या बाहीत. हो, माझ्याच. येतेच मी."

कपची बॉबिनच्या डबीत ठेवली, दुकान अर्धं उघडं टाकलं आणि दोघं स्कूटरवर निघाले. मास्तर चालवत होते. मागे बसलेल्या बाईंचा मास्तरांच्या खांद्यावरचा हात दर वळणाला घट्ट होत होता.

हँगरच्या दारात कॅप्टन उभा. आज हसरा नव्हता. "बाई, तिकडे एका माणसाचं हृदय कधी बंद पडेल सांगता येत नाही, आणि तुम्ही मला एका कणासाठी खाली उतरवताय? आत काही बिघडलं तर समोर दिवा लागतो की. मी उतरेन खाली."

"दिवा लागेल तेव्हा तुम्ही डोंगरावर असाल," बाई म्हणाल्या. "आणि तो माणूस मागे झोपलेला असेल. उतरणार कुठे?"

कॅप्टनने तोंड फिरवलं. दुसऱ्या तळावरून दुसरं हेलिकॉप्टर निघालं होतं, पण ते पंचावन्न मिनिटं उशिरा पोचणार होतं. पंचावन्न मिनिटं बाई हँगरच्या बाकावर बसून होत्या, आणि मास्तर शेजारी. तुमचा जीव टांगणीला लावत नाही, तो माणूस वाचला. पण ते संध्याकाळी कळलं. त्या बाकावर बसून कळत नव्हतं.

मधल्या वेळात साहेबांनी तिसरी कपची भिंगाखाली पहिल्या दोन कपच्यांशेजारी ठेवली. तोच रंग, तशाच बारीक रेघा. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दार लोटलं आणि हळूच म्हणाले, "बाई, असं करू. दुपारी फेरतपासणी केली, तेव्हा बुचावर तिसरी मिळाली, असं लिहा. मशीन थांबलंच आहे. कोणाचं काही बिघडत नाही. बाहीचं कशाला काढायचं?"

मास्तरांना साहेबांच्या पाया पडावंसं वाटलं. खरंच वाटलं. त्यांनी बाईंकडे आशेने पाहिलं.

"साहेब, तुमचे उपकार आहेत," बाई म्हणाल्या. "पण पलीकडच्या पाळीतली ती ठेंगणी मुलगी आहे ना, तीही बाही दुमडते. माझं बघून दुमडते. वहीत मी बुचावर मिळाली असं लिहिलं, तर तिची बाही तशीच राहील."

आणि त्यांनी लिहिलं. बसून, ठळक अक्षरात: तिसरी कपची तपासनिसाच्या डाव्या बाहीच्या घडीत मिळाली, पहिली मोजणी चुकली, चूक माझी. खाली सही केली. मग लायसनचं पुस्तक पर्समधून काढून न मागता साहेबांच्या टेबलावर ठेवलं. मास्तर सांगतात, लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण बायकोसमोर उठून उभं राहावंसं वाटलं ते त्या दिवशी. ते उभे राहिलेही. साहेबांना वाटलं, निघाले.

पुढचे नऊ दिवस चौकशी होईस्तोवर बाई घरी. म्हणजे दुकानात. गिऱ्हाइकांच्या शर्टांना बटणं लावायच्या, आणि रोज सकाळी दवाखान्यात फोन करून त्या रुग्णाची खबर घ्यायच्या. तिसऱ्या दिवशी मास्तरांना गप्प बसवेना. "बाही मीच दुमडली होती," ते म्हणाले. "चूक माझीही आहे. वहीत माझं नाव कुठंय?"

"टेलरची सही लागत नाही तिथे," बाई म्हणाल्या, आणि त्या तीन दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

दहाव्या दिवशी वर्कशॉपचा अहवाल आला. आतल्या एका बेअरिंगची कडा पापुद्र्यांनी सुटत चालली होती. कॅप्टनने तिथल्या माणसाला विचारलं, अजून किती तास निघाले असते? असले आकडे कोणी लिहून देत नाही. तो माणूस एवढंच म्हणाला, "मी तरी बसलो नसतो."

लायसन परत मिळालं, लाल शाईच्या शेऱ्यासकट. मुख्य तपासनिसाची जागा त्या वर्षी दुसऱ्याला गेली. यावर कोणी मला समजावायला येऊ नका, मला ते पटलेलं नाही आणि पटणारही नाही. बाईंना विचाराल तर त्या म्हणतात, शेरा बरोबरच होता, चूक झाली होती. तपासणीच्या कागदावर मात्र एक ओळ वाढली: बाहीला घडी नको, मनगटाशी घट्ट हवी. ती ओळ आता दोन्ही पाळ्यांत रोज वाचली जाते.

आणि एका सकाळी कॅप्टन स्वतः दुकानात आला, खांद्यावर ओव्हरऑलचं गाठोडं घेऊन. सगळ्या हँगरचे होते. त्याने गाठोडं टेबलावर ठेवलं, दोरीचा लोहचुंबक हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "मास्तर, त्या दिवशी मी बाईंना नको ते बोललो. माझी मुलगी दुसरीत आहे. घरी गेल्यावर तिला बघून उमगलं, मी काय बोललो ते." मास्तरांनी त्याला स्टूल दिलं आणि चहा पाजला.

चार दिवसांत सगळ्यांचे ओव्हरऑल झाले. शेवटी बाईंचा राहिला. मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. "हात पुढे कर."

"माझं माप माहीत नाही तुम्हाला?"

"घडी किती घ्यायची ते माहीत होतं. हाताचं माप कधी घेतलंच नाही."

बाईंनी हात पुढे केला. मास्तरांनी खांद्यापासून मनगटापर्यंत टेप लावली, खडूने खूण केली आणि मोठी कात्री उचलली.

"आणि परत द्यावा लागला तर?" बाईंनी विचारलं.

मास्तरांनी बावीस वर्षं दुमडलेलं ते चार बोटं कापड सरळ केलं, आणि कापून टाकलं.